विजयाची पानं वाळवून तेल काढायचं? मी ऑर्डर परत पाठवली

शेडवाला_कळमेश्वर
कळमेश्वरकडे माझं वनौषधी वाळवायचं शेड आहे. अडुळसा, शतावरी, गुळवेल, असा माल. मागच्या आठवड्यात एका औषधवाल्याचा फोन आला: विजयाची पानं परवान्याने येतील, तुम्ही फक्त वाळवून द्या, तेल आम्ही काढू. विजया म्हणजे आपली भांग. मी नाही म्हणालो. घरचे अजून चिडलेले आहेत, कारण भाव अडुळशाच्या कितीतरी पट होता.

माझं कारण नशा-बिशा नाही. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात 40 किलो अडुळसा डोळ्यांदेखत गेला. पान वरून कुरकुरीत, पण देठ चिमटीत धरला तर वाकायचा, मोडायचा नाही. तरी पोत्यात भरला. चौथ्या दिवशी पोतं उघडलं, तर आतून कोमट वाफ आणि ओल्या गोधडीचा वास. अडुळसा फेकून दिला. विजयाचा अर्क काढणारा एवढा महाग माल फेकेल? अर्कात औषध घट्ट होतं, तशी फवारणीही घट्ट होते आणि जमिनीतलं शिसंही. मे महिन्यात उलटं दुखणं. 45 अंशांत पान दोन दिवसांत कडक होतं, पण ऊन, हवा लागून टीएचसीचं (भांगेतलं चढणारं द्रव्य) हळूहळू सीबीएन, म्हणजे कमी चढणारं द्रव्य, व्हायला लागतं आणि वासाची तेलं उडून जातात. एकाच शेतातलं पान, मेचं तेल वेगळं, ऑगस्टचं वेगळं, बाटलीवर लेबल तेच.

ज्याच्याकडे अंधारी थंड खोली नाही आणि दर खेपेला प्रयोगशाळेचा कागद नाही, त्याने हे तेल विकूच नये. बोला.

खलबत्ता
भाऊ, तुम्ही पानाला फुलाचे नियम लावताय. अंधाऱ्या खोलीत आठ-दहा दिवस सुकवणं परदेशात फुलासाठी करतात, कारण राळ, म्हणजे झाडाचा औषधी चिकट रस, तिथे दाटलेली असते. आयुर्वेदाला इथे मिळतं ते पान. तेही आम्ही तसंच वापरत नाही, शोधन करतो. फडक्यात पोटली बांधायची, पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत धुवायची, वाळवायची, मग गाईच्या तुपात मंद आचेवर परतायची. कच्च्या पानात टीएचसी आम्लाच्या रूपात असतं, ते चढत नाही. आच लागली की रूप पालटतं, आणि उतरतं ते पाण्यात नाही, तुपात. रसायनशास्त्रज्ञ मेशुलाम यांनी इस्राएलमध्ये टीएचसी वेगळं काढलं 1964 साली. आमची कढई त्याच्या कितीतरी आधीची. प्रत्येक वैद्याला यंत्र घ्या म्हणाल, तर बाजारात उरतील फक्त बड्या कंपन्या.

बुटीबोरी_क्यूसी
वैद्यबुवा, मंद आच म्हणजे किती अंश? एकीची मंद आच दुसरीची फोडणी. मी औषधांच्या तपासणीत आहे (विजया नाही, साध्या गोळ्या). बुरशी मेली तरी तिचं विष मागे राहतं, अफ्लाटॉक्सिन परतण्याने पुरतं जात नाही. आणि यंत्रवाल्यांनीही फुशारकी मारू नये. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर, 74 बारच्या वर दाबून अर्क काढतात, त्यात द्रावक (अर्क विरघळवणारं रसायन) मागे राहत नाही हे खरं. पण पान ओलं गेलं तर तिथेही घोळच. नेदरलँड्समध्ये 2003 पासून औषधी गांजा फार्मसीत मिळतो. तिथे फुलांवर जंतू-बुरशी मारायला गॅमा किरणं सोडतात. हौस म्हणून नाही.

गांजाखेत_चौक
काहून एवढा बाऊ करून राहिले बे? आमच्या चौकाचं नावच गांजाखेत आहे. इंग्रजाच्या टायमाला नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, खंडव्याकडे परवान्याचा गांजा पिकायचा. 1893-94 च्या इंग्रज सरकारच्या भांग-गांजा कमिशननंही म्हटलं, बेतानं घेतला तर फारसं बिघडत नाही. महाशिवरात्रीला लोकं ठंडाई पितात, तवा कोण मीटर लावून पाहते?

मायलेक
ठंडाई पिणारा धडधाकट असतो हो. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, त्याला झटके येतात. अमेरिकेत 2018 मध्ये झटक्यांच्या दोन अवघड आजारांसाठी सीबीडीचं (भांगेच्याच झाडातलं, पण न चढणारं द्रव्य) औषध मंजूर झालं, ते आमच्या आवाक्यात नाही. म्हणून वैद्यांकडचं तेल सुरू केलं. पहिली बाटली हिरवट होती, दुसरी जवळजवळ काळी. थेंब तेवढेच दिले, पोरगा दुपारभर उठला नाही. तरीही शेडवाले दादा, तुम्ही ‘विकूच नये’ म्हणता तेव्हा मी कुठे जायचं ते पण सांगा.

बुटीबोरी_क्यूसी
ताई, मेंदूच्या डॉक्टरांना या तेलाचं सांगितलंय ना? क्लोबाझाम (झटक्यांवरचं औषध) चालू असेल तर सीबीडीने त्याचा अंमल वाढतो, गुंगी त्यानेही येते. शिवाय भांगेच्या तेलात सीबीडीपेक्षा टीएचसी जास्त असू शकतं. बाटलीवर दोन्हींचे आकडे आहेत का बघा.

मायलेक
क्लोबाझाम चालूच आहे. बाटलीवर नुसतं ‘विजया अर्क’ लिहिलंय. सकाळी डॉक्टरांना फोन करते.

काळा_कोट
सगळे रसायनात रमलेत. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा वाचा. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याविना असलेलं पान आणि बी त्यातून वगळलंय. लोक इथेच वाचन थांबवतात. त्याच कलमात चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, कच्ची असो की शुद्ध, आणि हॅशिश ऑइल, म्हणजे तिचं घट्ट तेलही त्यात. ‘फुलापासून’ नाही, ‘झाडापासून’. पानातून राळ ओढणारा तेलवाला कुठे बसतो, यावर कोर्टात दोन्हीकडून भांडता येईल. वर राज्याचा दारूबंदी कायदा आहेच. आणि शेडवाल्यांनी नुसतं वाळवलं, पण ढिगात चार शेंडे निघाले तर?

खलबत्ता
भांग औषधांच्या नियमांत आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, वैद्याच्या देखरेखीखाली द्यायची म्हणून. म्हणजे सरकारला ती औषध म्हणून मान्य आहे, वकीलसाहेब. काळ्या बाटलीचं मात्र मी समर्थन करणार नाही. ती करपलेली असणार.

शेडवाला_कळमेश्वर
शेंड्यांचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. पोत्यांच्या थप्पीतून ते निवडणार कोण? खलबत्ता, पानाला अंधारी खोली नको, हे मान्य. ओलाव्याचं मागे घेत नाही. ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

त्या औषधवाल्याचा परवा पुन्हा फोन आला, भाव वाढवून. म्हटलं, शेतापासूनचा परवाना दाखवा, खेपेगणिक तपासणीचा कागद द्या, आणि शेंडे निवडायला माणूस तुमचा. ‘व्हॉट्सॲपवर टाकतो’ म्हणाला. अजून काही आलेलं नाही.