परतवाडा–चिखलदरा ग्रॅव्हल राइड (कच्च्या रस्त्यावरची सायकलफेरी): हवा आणि गिअर

सायकलच्या ३८ मिमी रुंद ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघणार असाल, तर आधी हवा कमी करा. ७० किलोच्या माणसाला मागे ३८, पुढे ३५ पीएसआय पुरे. जास्त हवेने चाक मुरमावर उसळतं, चढावर जागीच फिरतं. खरा शत्रू बाभळीचा काटा. प्रत्येक टायरमध्ये ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) हवंच, आणि आपल्याकडच्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून निघण्याआधी तपासा. ट्यूब टाकायची वेळ आली तर टायर आतून चाचपून काटा काढा, नाहीतर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर; चढासाठी पुढच्या चक्रीला ४० दात असतील तर मागच्या सर्वात मोठ्या चक्रीला किमान ४२ हवेत. मेळघाटातल्या कच्च्या वाटांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका, आणि उजाडल्याशिवाय निघूच नका.