बस स्टॉपला जाताना आईला गाडीने उडवलं, दावा कोणाकोणावर?

नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. साताऱ्याहून आलेली आई गेल्या महिन्यात बस पकडायला रस्ता ओलांडताना गाडीखाली आली. मांडीचं हाड मोडलंय, अजून बिछान्यातच आहे. स्टॉपजवळ सिग्नल नाही. जीव मुठीत धरूनच पलीकडे जावं लागतं. ड्रायव्हरची चूक आहेच, पण स्टॉप तिथे ठेवणाऱ्यांची नाही का? कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये म्हटलंय की स्टॉपची जागाही धोकादायक ठरू शकते, शेजारचा रस्ता दुसऱ्या यंत्रणेचा असला तरी. सरकारी संस्थेकडे लेखी दावा ६ महिन्यांत द्यावा लागतो. बससंस्था आणि काउंटी (इथलं जिल्हा प्रशासन), दोघांकडे वेगवेगळा द्यायचा का? तिथल्या आधीच्या अपघातांच्या नोंदी कशा मागवायच्या? अशी केस लढलेला वकील कोणाला माहीत असेल तर प्लीज कळवा.