ऑक्सबर्ग हॉल: मूळ किती, नंतरचं किती?

सायली_न:
इंग्लंडमधल्या नॉरफकचा ऑक्सबर्ग हॉल पाहून आले. खंदकाच्या पाण्यातून सरळ वर निघालेल्या लाल विटांच्या भिंती! देवडीच्या बुरुजातला गोल जिना अख्खा विटांचा आहे आणि कठड्याऐवजी भिंतीतच विटांची खाच. तिथं हात धरून चढले, खाली आले, पुन्हा वर गेले. पण घर 1482 चं, तर पिळाची धुरांडी इतकी ठसठशीत कशी? विटेवरून काळ ओळखता येतो का?

चुनेवाला:
जिना मूळचाच, सायलीताई. 1482 मध्ये राजा चौथ्या एडवर्डनं घराचा मालक एडमंड बेडिंगफेल्डला तटबंदीची परवानगी दिली, देवडी त्या काळची. पिळाची धुरांडी एकोणिसाव्या शतकातली, भाजलेल्या मातीची. दक्षिणेचा मोठा दिवाणखाना तर 1775 मध्येच पाडला. मला त्याची अजून हळहळ वाटते.

ट्यूडर काळातली, म्हणजे साधारण पंधराव्या शतकाच्या शेवटापासून सोळाव्या शतकापर्यंतची वीट हातानं साच्यात थापलेली, साधारण दोन इंच जाड, कडा वेड्यावाकड्या. 1784 मध्ये विटांवर दर हजारामागे कर बसला, तेव्हा भट्टीवाल्यांनी वीटच मोठी केली. कर 1850 मध्ये उठला. पण नुसत्या जाडीवर निकाल देऊ नका, पाडकामातल्या विटा पुन्हा वापरायचे.

मी आधी दोन विटांमधली दर्ज, म्हणजे सांधा, पाहतो. जुनी भिंत चुन्यात असते. चुना मऊ, भिंत थोडी हलली तरी सोसतो, ओल बाहेर सोडतो. दुरुस्तीत तिथं सिमेंट भरलं की ओल विटेतूनच वाट काढते आणि थंडीत गोठून विटेचा पापुद्रा उडतो. एका जुन्या घरात मी हे माझ्या हातानं उकरून काढलंय, फार वाईट वाटलं. दर्ज टिकली, वीट गेली.

पानगळ:
हे घर 1951 मध्ये पाडणाऱ्यांच्या हाती जायचं होतं! बेडिंगफेल्ड घराण्यातल्या बायकांनी पैसे उभे करून वाचवलं, पुढच्या वर्षी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. 2016 मध्ये छपरातली एक खिडकी चौकात कोसळली, म्हणून छप्पर दुरुस्तीला काढलं. त्या वेळी फरशीच्या फळ्यांखाली उंदरांच्या घरट्यांत ट्यूडर काळच्या कापडाच्या चिंध्या सापडल्या, शिवाय पंधराव्या शतकातल्या हस्तलिखिताचं पान.

सायली_न:
त्या फळ्यांवरून मी चालले असेन! चुनेवाला, जिन्याची खाच विटा कोरून करत की आधीच तशा घडवून?

चुनेवाला:
दोन्ही रीती होत्या. कच्च्या विटेला आकार देऊन भाजत, नाहीतर भाजलेली तासून घासत. घासलेल्या विटेवर वरची कडक साल राहत नाही, तिथं बोट फिरवलं की लगेच कळतं.