प्रतिसाद: करुणा आणि विटाळ

हिंदू-मुस्लिम सलोख्यावरच्या लघुपटांत सगळे लगेच गळ्यात गळे घालतात, अशी एक तक्रार वाचली. तसं न करणारा एक लघुपट आठवला, म्हणूनच अश्विन कुमारच्या ‘लिटल टेररिस्ट’बद्दल (2004) लिहावंसं वाटलं. जेमतेम पंधरा मिनिटांचा हिंदी लघुपट, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला. पाकिस्तानातला जमाल क्रिकेटचा चेंडू आणायला सुरुंग पेरलेली सीमा ओलांडतो आणि राजस्थानात अडकतो. जवान शोधत असताना भोला नावाचे ब्राह्मण मास्तर त्याला घरात लपवतात. ओळखू येऊ नये म्हणून डोकं भादरून शेंडी ठेवतात.

मला यातलं सर्वांत खरं वाटतं ते असं की, त्या घरातला विटाळाचा विचार काही एका रात्रीत जात नाही. मुसलमान पोराला जेवू घालताना मनात अढी आहेच. तरी पोर वाचलं पाहिजे, यावर मास्तर ठाम. आधी मन स्वच्छ करा, मग मदत करा, अशी अट इथे नाही. दंगलीत शेजाऱ्याला लपवणारेही काही सगळे पुरोगामी नसतात! भाषणं जवळजवळ नाहीत, हे तर फारच आवडलं. शाळेतल्या मुलांना जरूर दाखवा, आणि नंतर त्यांना बोलू द्या.