मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट चालू असताना गुळवेल, अश्वगंधा आणि हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

नमस्कार. मी इंदूरहून लिहीत आहे. माझ्या सासूबाईंना (वय ६३) बऱ्याच वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो आजार आहे. शिवाय त्यांना हाशिमोटो प्रकारचा थायरॉइडचा विकारही आहे. दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते (स्वयंप्रतिकार आजार). त्यांना आठवड्यातून एकदा, दर रविवारी, मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, मंगळवारी फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम आणि पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिन, अशी औषधे चालू आहेत. या औषधांनी त्यांना खरोखरच गुण आला आहे. पूर्वी सकाळी त्यांना लाटणेही धरवत नसे. आता त्या हौसेने स्वतः पोळ्या करतात. त्यामुळे औषधे बंद करण्याचा विचार आमच्या घरात कोणाच्याही मनात नाही, हे आधीच स्पष्ट करते.

अडचण वेगळीच आहे. गेल्या तपासणीत त्यांचे एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) ३४ वरून ९२ वर गेलेले आढळले. संधिवाताच्या डॉक्टरांनी विचारले, "आणखी काही घेता का?" आणि सासूबाईंनी शांतपणे "नाही" असे सांगितले. त्या खोटे बोलल्या नाहीत. अंगणातल्या वेलीचा काढा किंवा दुधात घातलेले चूर्ण ही त्यांच्या लेखी औषधे नव्हेतच. घरात पूर्वापार चालत आलेल्या गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या असतात, हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नाही. घरी आल्यावर मी त्यांचा औषधांचा पत्र्याचा डबा त्यांच्याच संमतीने टेबलावर रिकामा केला, तेव्हा त्यातून जे निघाले त्याबद्दल मला आपणा सर्वांकडून, विशेषतः वैद्यकीय क्षेत्रातील मंडळींकडून, मार्गदर्शन हवे आहे.

गुळवेलीचा काढा त्या करोनाच्या काळापासून जवळजवळ रोज घेतात. वेल आमच्या मागच्या कुंपणावर चढलेली आहे आणि ती गुळवेलच आहे, हे शेजारच्या आजींनी सांगितले, एवढाच तिच्या ओळखीचा पुरावा आहे. झोप लागत नाही म्हणून नणंदेने उज्जैनहून अश्वगंधाचे चूर्ण पाठवले, ते रात्री दुधातून. दिरांनी ऑनलाइन मागवलेल्या "सांध्यांसाठी" असलेल्या कॅप्सूलच्या बाटलीवर, भिंगातून पाहिल्यावरच वाचता येईल अशा अक्षरांत, हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम आणि काळ्या मिरीचा अर्क ५ मिलिग्रॅम असे छापलेले आहे. अशक्तपणासाठी जेवणानंतर दशमूलारिष्ट आहे. दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियमची गोळी आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटे डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी लिहून दिली होती. ती नंतरही तशीच आठवड्याला एक याप्रमाणे चालू राहिली आहेत.

आणि सगळ्यात शेवटी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या राखाडी रंगाच्या पुड्या. त्या एका नातेवाइकांनी गावाकडच्या कोणाकडून तरी आणल्या. त्यावर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. सासूबाई म्हणतात की त्या घेतल्या की दोन दिवसांत सांधे मोकळे होतात आणि भूकही छान लागते. किती काळ घेत आहेत, हे त्यांना नीट आठवत नाही. दिवाळीच्या आधीपासून, एवढे नक्की.

माझे प्रश्न असे आहेत. यातले काय लगेच थांबवावे आणि कशासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याची वाट पाहावी? सगळेच एकदम बंद केले तर काही धोका आहे का? आणि सासूबाईंचा या गोष्टींवरचा विश्वास, जो त्यांच्या आईकडून आलेला आहे, तो दुखावल्याशिवाय हे कसे सांगावे? कृपया "आयुर्वेद चांगला की ॲलोपॅथी" असा वाद येथे नको. मला फक्त त्या सुरक्षित राहायला हव्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, मी औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर असून इंदूरमध्येच रुग्णालयाच्या औषधविभागात काम केले आहे. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच असावा. पण क्रम कसा लावायचा, हे सांगू शकतो.

सर्वांत आधी त्या बिननावाच्या पुड्या. दोन दिवसांत सांधे मोकळे होणे आणि भूक वाढणे, ही जोडी ऐकली की आमच्या मनात पहिली शंका स्टेरॉइडची येते. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, कधी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मिसळलेली आढळतात. ही शंका खरी असेल तर पुडी चालू ठेवणे जितके वाईट, तितकेच ती घरच्या घरी एका दिवसात बंद करणेही धोक्याचे, कारण महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल (शरीरातले नैसर्गिक स्टेरॉइड) तयार करणे कमी करतात आणि पुरवठा अचानक तुटला की प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली जाणे असे होऊ शकते. म्हणून उद्याच पुडीसह डॉक्टरांना भेटा. ते बहुधा सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची तपासणी सांगतील आणि गरज पडल्यास मोजून दिलेल्या स्टेरॉइडचा डोस हळूहळू उतरवतील. वरची लक्षणे दिसली तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्या आणि पुडीचा उल्लेख स्वतःहून करा.

यकृताच्या बाबतीत मेथोट्रेक्सेट स्वतः एक कारण असू शकते, म्हणूनच दर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी करायला सांगतात. पण त्यांच्या डब्यात यकृताला इजा केल्याच्या नोंदी असलेल्या आणखी तीन गोष्टी आहेत: गुळवेल, अश्वगंधा आणि हळदीचा तीव्र अर्क. गुळवेलीबाबत २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि २०२२ साली देशातल्या अनेक केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची. त्यातल्या बऱ्याच जणांच्या यकृतातली सूज ही स्वयंप्रतिकार प्रकारच्या काविळीसारखी होती. आयुष मंत्रालयाने २०२१ च्या निष्कर्षांना हरकत घेतली होती आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असे म्हटले होते. तुमच्यासाठी त्या वादाचा निकाल लागणे आवश्यक नाही. ज्या औषधाचे काम प्रतिकारयंत्रणेला शांत ठेवणे हे आहे, त्याच्याबरोबर तिला चेतवणारी समजली जाणारी वनस्पती घेणे, आणि तीही एसजीपीटी दुपटीहून वर असताना, याला काहीच आधार नाही. अश्वगंधामुळे थायरॉइडच्या संप्रेरकांची पातळीही वाढू शकते. थायरॉक्सिन घेणाऱ्या व्यक्तीत त्यामुळे धडधड आणि निद्रानाश होऊ शकतो, म्हणजे ज्या झोपेसाठी चूर्ण घेतले तीच उडायची.

हळदीबद्दल गैरसमज नको. वरण-भाजीतली हळद त्यांनी निर्धास्त खावी. कॅप्सूलमधला मिरीचा अर्क मात्र शोषण वाढवण्यासाठीच घातलेला असतो. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले होते की पायपरीनसोबत (मिरीतला तिखट घटक) दिल्यास कर्क्युमिनची (हळदीतला मुख्य घटक) रक्तातली उपलब्धता सुमारे २० पट होते. हेच पायपरीन आतड्यातल्या आणि यकृतातल्या, औषधांचे विघटन करणाऱ्या काही विकरांनाही (एन्झाइम्सना) मंदावते. पुढे कधी त्यांना सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारयंत्रणा दाबणारी औषधे द्यावी लागली, तर ही गोष्ट फार महत्त्वाची ठरेल.

दशमूलारिष्टाच्या लेबलावर "स्वनिर्मित अल्कोहोल" आणि त्याचे टक्के लिहिलेले असतात ते पाहा. अरिष्टे आणि आसवे आंबवूनच तयार होतात. मेथोट्रेक्सेटवर असताना डॉक्टर मद्य टाळायला सांगतात, पण अरिष्टाचा विचार घरात कोणाच्या मनात येत नाही.

ड जीवनसत्त्व मेदात विरघळते, त्यामुळे जास्तीचे शरीरात साठत जाते आणि रक्तातले कॅल्शियम वाढवू शकते. पुढचे पाकीट फोडण्याआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही तपासून घ्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२२ साली आले, रोज २,००० युनिट घेणाऱ्यांमध्ये स्वयंप्रतिकार आजार नव्याने होण्याचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी दिसले होते. परंतु तो आजार टाळण्याबद्दलचा अभ्यास होता, झालेला आजार बरा करण्याबद्दलचा नव्हे, आणि त्यातली मात्रा तुमच्या पाकिटांच्या मानाने खूपच कमी होती. कॅल्शियम दुपारी आहे, हे उत्तम. थायरॉक्सिननंतर चार तासांचे अंतर राहिलेच पाहिजे. आम्लपित्तासाठी पांढरे पातळ औषध घेत असतील तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपासूनही तेवढेच अंतर ठेवा.

थोडक्यात, गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल आणि अरिष्ट आजच थांबवा. ती एकदम थांबवल्याने अपाय होत नाही. पुडीचा निर्णय डॉक्टरांसमोर घ्या. मेथोट्रेक्सेटचा येत्या रविवारचा डोस घ्यायचा की एखादा आठवडा थांबायचे, हे मात्र तुम्ही ठरवू नका, त्याआधीच डॉक्टरांना विचारा. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवा. अशा घटनांची नोंद १८००-१८०-३०२४ या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाच्या घरचे लोकही करू शकतात.

प्रतिसाद २

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे आणि वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. आमवातात आणि वातरक्तात (गाउटसारखा सांध्यांचा आजार) गुळवेलीचा उपयोग आमच्या ग्रंथांत सांगितलेला आहे, हे खरे. परंतु तो नाडी, अग्नी आणि बल पाहून, ठरावीक काळापुरता. कुंपणावरच्या वेलीचा काढा वर्षानुवर्षे घेणे ही आयुर्वेदीय चिकित्सा नव्हे. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या रुग्णाला मी गुळवेल किंवा अश्वगंधा देत नाही.

एक भर घालतो. "गुग्गुळ तर साधाच असतो" असे समजून पुढे कोणी महायोगराज गुग्गुळ आणून दिला तर लक्षात ठेवा की योगराज आणि महायोगराज यांत मोठा फरक आहे: महायोगराजात नाग, वंग, रजत यांची भस्मे आणि रससिंदूरही असते, म्हणजे शिसे आणि पारा आले. यकृत किंवा मूत्रपिंडाची तक्रार असताना अशी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. स्टेरॉइड चालू असेल तर ज्येष्ठमधही टाळावे. त्याने पोटॅशियम कमी होऊन रक्तदाब वाढतो. विषारी वर्गात मोडणारे घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना कायद्याने बंधनकारक आहे. ती शोधण्याची सवय लावा.

सासूबाईंशी बोलताना "हे थोतांड आहे" असे म्हणू नका. "ही औषधे गुणकारी आहेत, म्हणूनच ती दुसऱ्या औषधाशी भांडूही शकतात" असे सांगा. ज्या वस्तूत गुण आहे तिच्यात दोषही असू शकतो, हे जुन्या पिढीला लवकर पटते. इंदूरला लोकमान्य नगरात शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्यांना आयुर्वेद हवाच असेल तर तेथे सर्व ॲलोपॅथिक कागद घेऊन जा, आणि तेथला कागद संधिवाताच्या डॉक्टरांनाही दाखवा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आम्ही काल पुड्या, बाटल्या आणि पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेली. पुड्या पाहताच त्यांनी कॉर्टिसॉलची तपासणी सांगितली. आज सकाळी रक्त दिले असून निकाल यायचा आहे. निकाल येईपर्यंत, पुडीऐवजी त्यांनी ठरवून दिलेले प्रेडनिसोलोन चालू केले आहे, फक्त आजची गोळी रक्त दिल्यानंतर द्यायला सांगितली होती. मेथोट्रेक्सेट येत्या रविवारी घ्यायचे नाही आणि दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा करून मग ठरवायचे, असे ते म्हणाले. ड जीवनसत्त्वाची पाकिटे अहवाल येईपर्यंत बंद आहेत.

वैद्यांनी सुचवलेले वाक्य मी सासूबाईंना जसेच्या तसे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मग नणंदेलाही सांग, तीही तेच चूर्ण घेते आणि तिलाही थायरॉइड आहे." नणंदेला मी आज फोन केला, ती चूर्ण थांबवून पुढच्या आठवड्यात तपासणी करून घेणार आहे. आता डॉक्टरांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मी एक कागद लावला आहे. त्यात डॉक्टरांनी दिलेली औषधे एका रकान्यात आणि घरातून किंवा बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू, काढ्यासह, दुसऱ्या रकान्यात लिहिली आहे, प्रत्येकीपुढे सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख.

आता एकच प्रश्न उरला आहे. ज्यांनी त्या पुड्या आणून दिल्या, त्यांच्या गावात इतरही बरेच लोक त्या घेतात, असे कळले. पुडीतले घटक तपासून घेण्यासाठी इंदूरच्या औषध निरीक्षकांकडे अर्ज केल्याचा अनुभव कोणाला आहे का? अर्जासोबत किती नमुना द्यावा लागतो आणि पावती नसताना तो स्वीकारतात का, हे कोणी सांगू शकल्यास मी याच आठवड्यात जाऊन येईन. उरलेल्या पुड्या मी फेकलेल्या नाहीत.