गणपती स्पेशल घेऊ की रेग्युलरची वेटिंग ठेवू? कणकवली

डोंबिवलीकर_पोरगा:
मंडळी, चतुर्थीच्या दोन दिवस आधी आईबाबांना घेऊन कणकवलीला जायचंय. 60 दिवस आधी बुकिंग उघडलं तेव्हा रेग्युलर गाड्या बघता बघता वेटिंगला गेल्या, आता स्पेशलमध्ये स्लीपर कन्फर्म मिळतंय. पण सगळे म्हणतात स्पेशल लय लेट होतात. खरंच एवढ्या लेट होतात का, आणि का?

लूपलाईन:
होतात, आणि कारण साधं आहे. कोकण रेल्वेवर रोहा ते वीर डबल लाईन 2021 ला झाली, त्यापुढे बहुतेक सगळी सिंगलच. त्यामुळे वीरपर्यंत गाडी मस्त पळते, डब्यात लोक खूश, आणि मग एखाद्या छोट्या स्टेशनवर लूपला (बाजूच्या रुळावर) जी उभी राहते ती समोरची गाडी जाईपर्यंत हलत नाही, कधी मागून राजधानी येत असेल तर तीपण पुढे काढतात. गणपतीत एवढ्या जादा गाड्या त्याच एका रुळावर, रेग्युलर गाड्यांचे पाथ, म्हणजे रुळावरून जायच्या वेळा, आधीच ठरलेले, मग थांबणार कोण, तर स्पेशल. त्यात पावसाळी वेळापत्रक चालू असतं, स्पीड मुळातच कमी. वंदे भारतपण पावसाळ्यात रोज नसते आणि मडगावला आठच्या ऐवजी दहा तास घेते, मग बाकीच्यांचं काय बोलायचं.

कुडाळची_सून:
मी तर म्हणते सरळ एसटीचं ग्रुप बुकिंग करा, वाडीतून चाळीसेक माणसं जमली की बस दारात येते.

लूपलाईन:
ताई, हायवेला माणगावला अडकलात की एसटी काय नि कार काय 😄 म्हातारी माणसं आहेत, ट्रेनमध्ये निदान आडवं होता येतं, टॉयलेट आहे.

रातांबा:
@डोंबिवलीकर_पोरगा स्पेशलच घे, कन्फर्म सोडू नको. ही वेटिंग चार्ट बनेपर्यंत क्लिअर नाही झाली तर ऑनलाईन तिकीट आपोआप कॅन्सल होतं, मग आईबाबांना घेऊन जनरलच्या गर्दीत घुसणार का? फक्त दोन गोष्टी बघ. निघायच्या दिवशी तोच रेक (डब्यांचा संच) गावाकडून येणार असेल तर ती येणारी गाडी कुठे आहे ते सकाळपासून बघत राहा, ती लेट म्हणजे तुझी पण लेट, ठाण्याला उगाच लवकर जाऊन बसू नको. दुसरं, ॲपवर शेवटच्या स्टेशनची वेळ बघून फसू नको, तिथे वेळापत्रकात जादा मिनिटं धरलेली असतात म्हणून मधल्या स्टेशनांवर दीड तास लेट असलेली गाडी शेवटी अर्धाच तास लेट दिसते. मागच्या फेऱ्यांना कणकवलीला कितीला पोचली ते बघ.

डोंबिवलीकर_पोरगा:
बरं मग स्पेशलच करतो. रात्रीची घेऊ की दिवसाची?

रातांबा:
रात्रीची. लेट झाली तरी झोपेत जातं, आणि सकाळी उतरलास की गावची रिक्षा मिळते. दिवसाची लेट होऊन रात्री अकराला उतरवलं तर रिक्षावाला म्हणेल तो भाव. पाणी नि डबा घरून घे, क्रॉसिंगला गाडी थांबते त्या स्टेशनवर बऱ्याचदा साधी चहाची टपरी पण नसते.