अनुभव धागा: घरातल्या जखमा आणि आपण केलेले उद्योग

गेल्या आठवड्यात विळीवर नारळ खवताना अंगठा कापला. घरात माणसं पाच आणि उपाय सहा: हळद, चहापूड, साखर, चुना, ‘बोट तोंडात घाल’ आणि सासूबाईंचा जाळलेला कापूस. मी आधी नळाखाली हात धरला, मग स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून ठेवला, मध्ये एकदाही न उघडता. रक्त थांबलं. दर अर्ध्या मिनिटाला उघडून बघितलं तर ते थांबत नाही, ही अक्कल मला ४२व्या वर्षी आली.

तुमचे अनुभव लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी.

मेथीकूट
बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. भाचीच्या लग्नात नवी कोल्हापुरी घातली, ती चावली. बोटाला फोड आला, फुटला. दुखत नव्हतं, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. तिथेच आमचं चुकलं. शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्या की दुखणं कळतच नाही. आठ दिवसांनी आईला चादरीवर डाग दिसला आणि वास आला, तोवर बोट काळं पडलं होतं. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. बाकीचा पाय वाचला.

आता रोज रात्री बाबा स्टुलावर पाय ठेवतात आणि मी तळव्याखाली हातआरसा धरते. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, क्रीम टाचेला लावायचं पण बेचकीत नाही, नखं सरळ कापायची, अंघोळीचं पाणी आईने कोपराने तपासायचं. अनवाणी चालायचं नाही, यावरून मात्र महाभारत झालं. “देवासमोर चप्पल?” शेवटी देवघरापुरते वेगळे कापडी जोडे आणले. देवाची काही तक्रार आलेली नाही.

लावणीवाला
आम्हा भातवाल्यांचं दुखणं म्हणजे चिखल्या. लावणीत दिवसभर पाय चिखलात, बेचकीतलं कातडं पांढरं पडून सोलवटतं, रात्री आग आग होते. आजी मेंदी थापायची. मी घरी आलो की पाय साबणाने धुतो, बेचक्या फडक्याने टिपतो आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतो. ओल राहिली तर मलमाचा काही उपयोग नाही. दुसरी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदराच्या मुताने बाटलेलं पाणी त्याच भेगांतून आत शिरतं. आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात आशाताई डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. लोक त्या खिशात टाकतात आणि विसरतात. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल: एवढं दिसलं की मी तरी थांबत नाही.

दुपारपाळी
अपघात विभागात सिस्टर आहे. भाजलेला हात येतो तो टूथपेस्ट, शाई, नाहीतर बटाट्याचा कीस लावूनच. आधी ते खरवडायचं, मग उपचार. त्यापेक्षा वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, फोड फोडू नका, आणि सूज यायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढा. एकीची अंगठी मला कापावी लागली, लग्नातली होती. ती हातापेक्षा अंगठीसाठी जास्त रडली.

कुत्रा चावला तर मिरचीपूड भरू नका. साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला या. दातांनी रक्त काढलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. लोक दोन इंजेक्शनं घेऊन गायब होतात. “कुत्रा जिवंत आहे हो सिस्टर.” बरं मग?

धनुर्वाताचंही तसंच. सगळे गंजलेल्या खिळ्याला घाबरतात. जंतू असतात मातीत, शेणात. मुलांची १० आणि १६ वर्षांची लस घेतली का, ते आज कार्डावर बघा.

शेलकं
हळदीला नावं ठेवू नका. तिच्यासाठी शास्त्रज्ञ माशेलकर अमेरिकेशी लढले!

दुपारपाळी
लढले आणि जिंकलेही. जखमेवर हळद लावण्याचं, अमेरिकेने १९९५ला दिलेलं पेटंट १९९७ला रद्द झालं. पण वाद होता तो हा वापर नवा की आपला जुनाच, यावर. डब्यातली, चमचा खुपसलेली हळद निर्जंतुक आहे असं त्यात कुणी म्हटलं नव्हतं. भाजीत घाला, दुधात घाला. उघड्या जखमेत नको.

ओसरी
आम्ही गुडघा फोडून घेतला की दगडी पाला चुरगळून रस पिळायचो. झोंबायचा! बरं व्हायचं का? व्हायचं. पाल्याने की वयाने, कोण जाणे.

माझा खरा अनुभव आत्याचा. खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली. माकडहाडावर लाल डाग दिसला, बोटाने दाबला तरी फिका पडेना. मी घामोळं समजून पावडर टाकली. पाच दिवसांत खड्डा. एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबाने झालेला व्रण होता तो. मग भिंतीवर वही टांगली, दर दोन तासांनी कूस बदलली की सही करायची. पहाटे तीनच्या खोट्या सह्या माझ्या आहेत. खड्डा भरायला चार महिने लागले.

सांजवात
मेथीकूट, तुमचं वाचून नवऱ्याला तळपाय दाखवायला लावले. टाचेत काटा मोडलाय, चार दिवसांपूर्वीचा. म्हणतो, दुखत तर नाही. शुगर आहे त्याला. सकाळचा पहिला नंबर लावलाय.